एका डीपीवरच्या मोटरी

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहून धामणगावला परतत होतो. जानेवारीची संध्याकाळ होती. मधेच गाडीनं दम सोडला. बंद पडली असती तर बरं, निदान ढकलता आली असती. ती चालत होती, पण अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी जागेवरच गुरगुरत होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. मागून कापसाची गाडी ओढणारा ट्रॅक्टर आला आणि मला ओलांडून पुढे गेला. ट्रॉलीवरच्या पोरांनी हातही दाखवला.

दुसऱ्या दिवशी रांगतरांगत शहरातल्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मुलानं स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात यंत्र खुपसलं. तीन कोड निघाले: पी ०१०७, पी ०१२२, पी २१२२. म्हणजे हवेच्या दाबाचा सेन्सर, थ्रॉटलचा आणि पेडलचा. तीन-तीन सेन्सर गेलेत म्हणजे ईसीएमच, इंजिनाचा मेंदूच गेला, असा निकाल लागला. खर्च चाळीस हजारांच्या वर, आणि पार्ट यायला आठ-दहा दिवस. मी गाडी परत आणली.

धामणगावात यवतमाळ रोडवर एक मिस्त्री आहे. पूर्वी मोटरपंप दुरुस्त करायचा, आता गाड्याही पाहतो. त्यानं बॉनेट उघडलं आणि हसला. इंजिनाखालच्या ट्रेवर कापसाचे बोंदके आणि फोडलेली सरकी पडली होती.

“सर, कापूस घरातच भरला काय?”

भरला होता. भाव वाढतील म्हणून पुढची खोली छतापर्यंत भरली होती आणि गाडी तिच्याच भिंतीला लागून उभी राहायची. उंदरांनी कापसातून मुक्काम हलवून इंजिनावर बिऱ्हाड थाटलेलं. वायरिंगची नळी दोन ठिकाणी कुरतडलेली होती. आता सापडलंच म्हणून आम्ही दोघंही खूश. नळी सोलायला, आतली एकेक वायर तपासायला दीड तास गेला. दात फक्त नळीवर उमटले होते, आतल्या सगळ्या वायरी धड होत्या. टेप गुंडाळला, चावी फिरवली. दिवा तसाच.

मिस्त्रीनं चहा मागवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग स्कॅनरवरचे तिन्ही कोड पुन्हा वाचले आणि म्हणाला, “तिघायच्याही पुढं ‘लो’ लिवलं हाय. तीन सेन्सर एकाच दिवशी कशे मरतीन? एका डीपीवरच्या तीन मोटरी बंद पडल्या त तुमी मोटरी खोलता का पयले डीपी पायता?”

शेतातली डीपी म्हणजे सगळ्या मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर; गाडीतली डीपी म्हणजे पाच व्होल्टची एक वायर. ईसीएम बॅटरीच्या बारा व्होल्टातून नेमके पाच तयार करून सेन्सरांना देतं. त्यातले किती परत आले यावरून हवेचा दाब किती, थ्रॉटल किती उघडलं, हे त्याला कळतं. देणंच आटलं तर येणंही आटतं, आणि ईसीएमला वाटतं, सेन्सर गेले. कोड खोटं बोलत नाही, पण त्याला आपल्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो.

इंजिन बंद ठेवून चावी चालू केली, मीटर लावला. पाचाच्या जागी ०.७. दाबाच्या सेन्सरचं कप्लर काढलं, ०.७. थ्रॉटलचं काढलं, ०.७. पेडलचं काढलं, तरी काटा हलेना. (मीटर डिजिटल होता, पण आमच्याकडे अजून काटाच हलतो.) माझ्या पोटात गोळा आला. वर्कशॉपवाले खरे निघतात की काय?

“थांबा न जी,” म्हणत मिस्त्रीनं मोबाइलवर वायरिंगचा नकाशा काढला, बोटानं मोठा केला. त्याच वायरीला चौथा फाटा होता, एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारा.

“पण एसी तर मी दिवाळीपासून लावलाच नाही!”

“तुमी नसन लावला. करंट त त्याले चालूच राह्यते.”

कंडेन्सरच्या पाइपावर पुढच्या बाजूला ते पिटुकलं कप्लर होतं. त्यानं अंगठ्यानं कुलूप दाबून ते ओढलं आणि मीटर माझ्याकडे वळवला. ४.९८. बाकीची तिन्ही कप्लरं परत लावली, तरी ४.९८. चौथा सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचं व्होल्टेज गिळत होता.

नवा सेन्सर अमरावतीहून मागवायचा होता. “आणू आरामात, उन्हायाले टाइम हाय,” असं म्हणून मिस्त्रीनं लोंबतं कप्लर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं, जुने कोड पुसले. त्या दिवसाचे त्यानं चारशे रुपये घेतले, त्यात चहाही आला.

गाडी दत्तापुरातून घरी आणली तेव्हा दिवा पुन्हा लागलाच, या वेळी एसीच्या नावानं. मी लक्ष दिलं नाही. घरी पोचल्यावर आधी गाडी कापसाच्या भिंतीपासून लांब, लिंबाखाली नेऊन उभी केली.