वाटीभर म्हणजे किती ग्रॅम

वाटीने सांगितलेली पाककृती त्याच एका वाटीने मोजली तर सहसा चुकत नाही. वाटी लहान असली तर लाडू कमी होतील, पण बिघडणार नाहीत. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घरोघरी पोचलं, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा मोठा आहे. खरी अडचण येते ती वाटीवरून किलोवर जाताना.

*

आपल्या वाटीचं माप एकदा काढून ठेवावं. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरायची. जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर. वाटी १५० मिलिलिटरची निघाली, तर तिच्यात साखर १२५ ग्रॅमच्या आसपास बसते, तांदूळ १२०, रवा १००, तेल १३७. कणकेचं मात्र नक्की सांगता येत नाही. चाळून अलगद भरली तर ७५ ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून दाबून काढली तर नव्वदीकडे जाते. पोळ्यांना त्याने काही फरक पडत नाही, पाणी बेताबेताने घालता येतं. केकचा मैदा मात्र वजनानेच घ्यावा.

*

चकलीची भाजणी. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ यांच्या वाट्या वजनाला जवळपास सारख्याच भरतात. त्यामुळे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ याचं एक किलो, अर्धा किलो, पाव किलो खुशाल करावं. गणित चुकतं ते पोहे आणि धन्यांपाशी. धन्यांची वाटी तांदळाच्या वाटीच्या निम्मीही भरत नाही. जाडे पोहेही तसेच हलके, पातळ पोहे तर विचारायलाच नको. वहीत ‘एक वाटी पोहे’ असेल आणि डाळींच्या हिशेबाने आपण पाव किलो घातले, तर पोहे दुपटीहून जास्त जातात आणि भाजणीचा तोल जातो. दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डबा ठेवण्याआधी एवढं तपासावंच. दळून आल्यावर त्यातून काही काढून घेता येत नाही.

*

गोड्या मसाल्याला वाटी कामाची नाही. दगडफुलाची वाटी भरायची कशी? आणि तमालपत्राची? म्हणून मसाल्यांची प्रमाणं वजनात असतात; पूर्वी तोळ्यात, आता ग्रॅममध्ये. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आजीच्या यादीत लवंग दोन तोळे असेल तर २३ ग्रॅम घ्यावी.

*

शेर दोन प्रकारचे होते. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. धान्य मोजायचा शेर मापी: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीभर ज्वारीचं वजन आणि पायलीभर भाताचं वजन एक नव्हे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. जुनी पाककृती वाचताना शेर कोणता, हे जिन्नस पाहून ठरवावं.

*

तेल तापलं की फुगतं, म्हणून लिटरचं वजन बदलतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. हेच आकडे देऊन केंद्र सरकारने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना सांगितलं की पाकिटावर तापमान न लिहिता लिटर आणि वजन बरोबर छापा. पाकीट घेताना ग्रॅम वाचावेत.

*

परदेशी असलेल्या लेकीसुनांसाठी: अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा. राईस कुकरसोबत येणारा कप मात्र जपानी मापाचा, १८० मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटर, इतरत्र बहुधा १५.

*

मीठ. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा सहा ग्रॅमच्या आसपास. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये फटी राहतात, त्यामुळे तोच चमचा कमी भरतो. भाजीत हे चाखून सावरता येतं. लोणच्याचं तसं नाही. तिथे मीठ कमी पडलं तर बुरशी येते, आणि कळतं तेव्हा बरणी हातची गेलेली असते. लोणच्याची कृती कुणाला लिहून देणार असाल, तर कैरीचं वजन द्या, मीठ ग्रॅममध्ये द्या, आणि ते जाडं की बारीक तेही लिहा.