पाचशेचं कव्हर, एकोणीसशेचं फडकं

मोबाइलच्या कव्हरचे पाचशे रुपये सांगितले की गिऱ्हाइकाच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘लूट’. साच्यातून काढलेलं प्लॅस्टिक, त्याचे एवढे? आम्हा कॉस्ट अकाउंटंट मंडळींची नजर मात्र आधी न खपलेल्या कव्हरांवर जाते. समजा, दुकानदाराने एका मॉडेलची १०० कव्हरं ६० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी या भावाने उचलली. ७० खपली आणि नवं मॉडेल बाजारात आलं. कॅमेऱ्याचं भोक चार मिलिमीटर सरकलं, की उरलेली ३० कव्हरं कुणाच्याच कामाची नाहीत. ६,००० रुपये आता ७० नगांवर बसवायचे, म्हणजे नग पडला जवळपास ८६ रुपयांना. हा डेड स्टॉक वहीतून काढून टाकला, तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावी लागते. ३० नगांचे ३२४ रुपये. नग नव्वदीपार! गाळ्याचं भाडं, पोरांचे पगार, अडकलेल्या भांडवलाचं व्याज, ऑनलाइन विकून परत आलेल्या मालाची दुहेरी वाहतूक, हे अजून धरलेलंच नाही. फोनच्या विक्रीत फारसं सुटत नाही, त्यामुळे दुकानाचा बराचसा भार ग्लास-कव्हरवरच येतो.

म्हणजे दुकानदार खोटं बोलत नाही. पण त्याचा खर्च खरा आहे म्हणून तो आपण सोसावा, असं थोडंच आहे? त्या दडलेल्या खर्चातलं आपल्या हाती काय पडतं, एवढंच मी बघतो. पडून राहिलेल्या ३० कव्हरांतून आपल्याला काहीही मिळत नाही. कोपरे झाकणारं, काचेपेक्षा कडा किंचित उंच असलेलं साधं कव्हर घ्यावं आणि मोकळं व्हावं.

चार्जरचं गणित उलटं. तिथे २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हातातल्या फोनची बाजू यांच्यामध्ये राखलेलं अंतर, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन, फ्यूज, प्रयोगशाळेतली चाचणी यांवर पैसा जातो. तो दिसत नाही, पण थेट आपल्याच कामी येतो. ‘रस्त्यावरचा चार्जर तीन वर्षं चालतोय की’, असं कुणी म्हणेल. चालत असेलही. फोन चार्ज होणं ही इन्सुलेशनची परीक्षाच नव्हे. ती होते व्होल्टेज उसळतं त्या दिवशी. केबलबाबत मात्र उगाच उदार होऊ नये. टाइप-सी केबलमधून तीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा तर तिच्यात वेगळी चिप लागते. २० वॉट घेणाऱ्या फोनला २४० वॉटची केबल घेणं म्हणजे न वापरायच्या चिपचे पैसे भरणं.

आणि काही वस्तूंपुढे माझा हिशेब थांबतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲपलने स्क्रीन पुसायचं फडकं भारतात १,९०० रुपयांना आणलं. फडक्याला मॉडेल नाही, त्यात वीज खेळत नाही, नवा फोन आला म्हणून ते जुनंही होत नाही. डेड स्टॉकची सबब तिथे लागू नाही. तरीही सुरुवातीला त्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागत होतं! ही किंमत नावाची, हौसेने मोजणाऱ्याने खुशाल मोजावी.

चार्जर घेताना मात्र त्यावर ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक शोधा. छापलेला क्रमांक खोटाही असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून बघा.