चार्ली वॉट्स यांचं देणं

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे ड्रमर चार्ली वॉट्स यांच्याशी माझी कधी भेट झाली नाही. तरी गुरू म्हणून हात जोडताना तबल्याच्या मास्तरांनंतर त्यांचंच नाव मनात येतं. ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवून माझं घर चाललं, आणि साथ कशाला म्हणतात हे मला त्यांच्या वादनातून कळलं.

तबल्याचं जुजबी शिक्षण झाल्यावर मी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत ड्रमवर बसू लागलो. जितके ठोके जास्त तितका वादक मोठा, अशी तेव्हा समजूत होती. गायकाने जरा दम घेतला की मी लगेच रोल मारायचो. आमच्या गिटारवाल्या दादांनी एक दिवस स्टोन्सची कॅसेट हातात ठेवली. म्हणाले, “हा माणूस काय वाजवत नाही, ते ऐक.” मला ते वादन अगदी सोपं वाटलं. वाजवायला बसलो, तर ‘हॉन्की टॉन्क विमेन’ला ती झुलती चाल काही केल्या येईना.

पुढे त्यांच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मिळाला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. आम्ही हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, सलग ठोके देत राहतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर ड्रम वाजवतो. वॉट्स नेमके त्या मात्रांना उजवा हात वर उचलून घेत. हाय-हॅट क्षणभर गप्प, स्नेअर एकटा वाजणार. त्या रिकाम्या जागेमुळे ठेका श्वास घेत होता. तो हात उचलायला शिकण्यात माझे महिनेच्या महिने गेले.

मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. १९४१ साली लंडनमध्ये जन्म, वेम्ब्लीत बालपण, जॅझचं वेड. पोरवयात बॅन्जो घेतला, तर त्याची मान काढून टाकली आणि उरलेल्या गोल भागाचा ड्रम करून ब्रशने वाजवत बसले. चित्रकला शिकून जाहिरातक्षेत्रात डिझायनरची नोकरी केली. जानेवारी १९६३ मध्ये ते स्टोन्समध्ये आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. जगभर नाव झालं, तरी ड्रम सोलोची हौस त्यांनी कधी केली नाही. हे वाचल्यापासून मागे बसून वाजवण्यात मला कमीपणा वाटेनासा झाला.

एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले. सगळं मैदान गायक मिक जॅगरकडे बघत होतं, मी मात्र मागच्या त्या छोट्या ड्रमसंचाकडे. कीथ रिचर्ड्सच्या गिटारवर वॉट्स यांचा कान होता. आपल्याकडचा चांगला तबलजी गायकाकडे जसं लक्ष ठेवून असतो, तसंच. घरी येताना मी ठरवलं की यापुढे आधी गायकाचं ऐकायचं.

पुढच्याच वर्षी त्यांना घशाचा कॅन्सर झाल्याची बातमी आली. त्याच सुमारास कार्यक्रमांत रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर गाणी होऊ लागली होती, आमची कामं आटली होती आणि ड्रम विकण्याचा विचार मनात घोळत होता. साठी ओलांडलेले वॉट्स उपचार घेऊन बरे झाले आणि २००५ मध्ये नव्या अल्बमसह दौऱ्यावर निघाले. माझे ड्रम घरातच राहिले. पुढे त्याच ड्रमवर मी मुलांना शिकवू लागलो.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, ते गेले. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्यांदा साधा ठेका धरायला लावतो आणि सोबतच्याचं ऐकायला सांगतो. शिकवण त्यांची आहे, मी ती फक्त पुढे देतो. तुमच्या घरात कुणी ड्रम शिकत असेल, तर त्याला चार्ली वॉट्स जरूर ऐकवा.