जोशी काकू रकमेच्या रकान्यात

आमच्या गल्लीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब गेली अकरा वर्षं मी वहीत लिहितोय. नाव, रक्कम, पावती नंबर. पट्टी घेऊन दोन रेघा मारल्या की रकाने तयार. यंदा मात्र बुद्धी फिरली आणि ठरवलं, हे संगणकावर करायचं, तेही स्वतः प्रोग्राम लिहून. ‘एक्सेल आहे की’ असं घरात प्रत्येकाचं म्हणून झालं. पण मी नुकताच पायथन शिकायला लागलो होतो, आणि नव्यानं शिकणाऱ्याला आयतं गोड लागत नाही.

पायथनबरोबर टीकेइंटर नावाचं सामान आपोआप येतं. त्यातून खिडक्या, बटणं, याद्या बनवता येतात. यादी हवी म्हणून मी लिस्टबॉक्स घेतला. त्यात एका ओळीत एकच मजकूर मावतो, हे कळेपर्यंत मी स्पेस दाबदाबून तीन रकाने पाडले होते. देवनागरीत ‘र’ची रुंदी वेगळी, ‘लक्ष्मी’ची वेगळी. रकमा घाटातल्या रस्त्यासारख्या नागमोडी उतरल्या. शेवटी भाचीला फोन केला.

“मामा, लिस्टबॉक्सला रकाने नसतातच. ट्रीव्ह्यू घे.”

“झाड कशाला? मला यादी हवीय.”

“झाडच घे. फांद्या फुटू देऊ नकोस, म्हणजे झाली यादी.”

ट्रीव्ह्यू खरोखर झाडच आहे. फोल्डरात फोल्डर दाखवायला असतं तसलं. त्यामुळे मी तीन रकाने सांगितले तरी डावीकडे चौथा, रिकामा रकाना दत्त म्हणून उभा. तो झाडाच्या बुंध्यासाठी राखीव, मुळातच दोनशे पिक्सेल रुंद. ‘शो’ म्हणून एक सेटिंग आहे, तिथे फक्त ‘हेडिंग्ज’ लिहिलं की तो लपतो. या एका शब्दापायी माझा रविवार गेला.

मग खरी गंमत सुरू झाली. चाचणी म्हणून कंसात नुसतं ‘जोशी काकू’ लिहून ओळ घातली. पडद्यावर नावाखाली ‘जोशी’ आणि रकमेखाली ‘काकू’. जोशांकडून वर्गणी म्हणून काकूच आल्या! मी तीनदा प्रोग्राम बंद करून चालू केला, काकू हलेनात. घोळ दुहेरी होता. पायथनमध्ये कंसात एकच गोष्ट असेल तर तिच्यामागे स्वल्पविराम द्यावा लागतो, नाहीतर तो कंस नुसता शोभेचा. आणि टीकेइंटरच्या पोटात टीसीएल नावाची जुनी भाषा आहे, जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ च्या सुमारास बर्कलीत केलेली. तिच्या लेखी शब्द, स्पेस, शब्द म्हणजेच यादी. मी दिलेलं एक नाव तिनं दोन रकान्यांत सरळ वाटून टाकलं. स्वल्पविराम दिला आणि काकू जागेवर आल्या.

स्क्रोलबार वेगळा आणून यादीला दोन्ही बाजूंनी बांधावा लागतो, त्याबद्दल मी काही बोलत नाही. डोळ्यांसाठी अक्षर मोठं केलं, तर ओळीची उंची होती तेवढीच, वीस पिक्सेल. वेलांट्या वरून कापल्या गेल्या, उकार खालून. ती उंची स्टाइलमध्ये जाऊन वेगळी वाढवावी लागते.

रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की यादी क्रमाने लागावी, ही माझी हौस. ते फुकट मिळत नाही, प्रत्येक मथळ्याला काम नेमून द्यावं लागतं. मी लूप लावून तिघांना नेमलं, तर कुठेही क्लिक करा, यादी पावती नंबरानेच लागायची. भाची म्हणाली, “तू कामावर रकान्याचं नाव चिकटवलंच नाहीस. क्लिक होतं तेव्हा ते विचारतं, कुठला रकाना? तोवर लूप संपून शेवटच्यावर थांबलेला असतो.” कबूल, पण असं वागणारा नोकर मी तरी ठेवला नसता.

ते निस्तरलं आणि रक्कम मोठीपासून छोटीपर्यंत लावली. सगळ्यात वर एक्कावन्न रुपयेवाले, मग पाचशे एक, दोनशे एक्कावन्न, एकशे एक, आणि तळाला एक हजार एक. ते आमचे सगळ्यात मोठे वर्गणीदार! रक्कम प्रोग्रामला आकडा नव्हे, अक्षरं वाटत होती; पाचाने सुरू होणारं एकाच्या वर. क्रम लावताना रकमेचा आकडा करून घेतला, तेव्हा हजारवाल्यांची इज्जत राहिली.

उलटा घोळ पावती नंबराचा. आमच्या पावती पुस्तकावर मराठी आकडे छापलेले असतात, म्हणून मीही ‘००७’ असंच टाकलं. यादीत बरोबर दिसायचं. ओळ निवडून नंबर परत वाचला की हातात नुसता इंग्रजी सात. शून्यं गेली आणि लिपीही गेली. आत कुणीतरी जाता जाता बघतं, याचा आकडा होतोय का? होत असेल तर करून टाकतं. आणि पायथनला देवनागरी अंक उत्तम वाचता येतात! जिथे आकडा हवा तिथे अक्षरं, जिथे अक्षरं हवी तिथे आकडा. पूर्ण ओळ न मागता ‘सेट’ वापरून तेवढा एक रकाना मागितला, की ‘००७’ जसंच्या तसं मिळतं.

शनिवारच्या बैठकीत लॅपटॉप फिरवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे सेक्रेटरी निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा वर केला, नावांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काशीकरांच्या आधी काळे कसे? ळ तर ह नंतर येतो.”

घरी येऊन शोधलं. युनिकोडमध्ये ळ हा ल ला चिकटून बसलाय, व च्याही आधी. फाइल पुन्हा उघडली आहे. भाचीला अजून फोन केलेला नाही.