टीपकागदावरचा थेंब

आमच्या वस्तादांची ऑइल तपासायची एकच रीत होती. डिपस्टिक उपसायची, टोकाचं ऑइल अंगठा-तर्जनीत चोळायचं आणि नाकाशी न्यायचं. "मेलंय," म्हणाले की चेंबरचा नट सुटलाच. साताऱ्यात त्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढली, तेव्हा मीही तशीच बोटं चोळायला शिकलो. वासाचं अजून मानतो. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं की नाकाला आधी कळतं. बोटांचं मात्र सोडून दिलं. आजचं ०डब्ल्यू-२० नवं असतानाच पाण्यासारखं लागतं. वस्तादांनी ते डब्यातच मेलं ठरवलं असतं.

रंगाचंही तेच. "मेस्त्री, पाचशे किलोमीटरमध्ये काळं झालं, डुप्लिकेट दिलंत का?" असं महिन्यातून एक तरी डिझेलवाला विचारतोच. अहो, काळं होणं हेच त्याचं काम! काजळी सुटी धरून ठेवायची, इंजिनात कुठे बसू द्यायची नाही, यासाठीच त्यात द्रव्यं घातलेली असतात. डिझेल इंजिनातलं ऑइल सोनेरी राहिलं, तर मला झोप लागणार नाही.

डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक'लाही मी फार भुलत नाही. हे ऑइल रसायनं जोडून घडवलेलंच असलं पाहिजे, की कच्च्या तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया केलेलंही चालेल, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरातींच्या पंचांनी दुसऱ्यालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं ठरवलं. म्हणून मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचतो. एपीआय एसपी आहे की जुनं एसएन, गाडीच्या पुस्तिकेत मागितलेला ग्रेड तोच आहे का, सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असलेल्या बीएस-सहा डिझेलला कमी राखेचं आहे का.

खरा घोळ पुढे असतो. बदलायचं कधी?

एक टॅक्सीवाला आहे, रोज सातारा-मुंबई. वॉरंटी संपलेली, पुस्तिकेत १०,००० किलोमीटर. त्याला कुणीतरी २०,००० चं सांगितलेलं. मी म्हटलं, थेंब बघू. १०,००० ला इंजिन गरम असताना डिपस्टिकचा एक थेंब टीपकागदावर टाकला आणि रात्रभर ठेवला. सकाळी मधे काळा ठिपका, त्याभोवती करडं, फिकं होत गेलेलं वर्तुळ, कडेला पिवळट झालर. काजळी अजून पसरत होती. चालू दे म्हटलं. १३,००० ला पुन्हा थेंब टाकला, तर काळं मधेच गोठलेलं, कड कंपासनं काढल्यासारखी. ते धरून ठेवायचं बळ संपलं होतं. त्याच दिवशी उतरवलं.

आणि दुसरे आमचे गुरुजी. घर ते मंडई, दोन किलोमीटर. दोन वर्षांत २,४०० भरले. "अरे, सिंथेटिक आहे ना? दहा हजार तर होऊ दे." मी मान डोलावली. ही चूक माझीच. पुढच्या थंडीत फिलरचं झाकण उघडलं, तर खाली कॉफीच्या फेसासारखी साय. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेलं, वास पेट्रोलचा. जुन्या तव्यावर दोन थेंब टाकले, तर फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसे तडतडले. आत पाणी होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड इंजिनात ऑइलमध्ये उतरते. अर्धवट जळलेलं पेट्रोलही तिथंच जातं. इंजिन नीट तापलं तर दोन्ही उडून जातात. गुरुजींचं इंजिन तापायच्या आतच मंडई यायची.

टॅक्सीचं १०,००० चं ऑइल गुरुजींच्या २,४०० पेक्षा धडधाकट होतं. ट्रॅक्टरला निदान तासांचं मीटर तरी असतं. मोटारीला किलोमीटर मोजायची खोड कुणी लावली कोण जाणे. घाटात तासभर खोळंबलेली गाडी किलोमीटरमध्ये दिसतच नाही.

गुरुजींना सांगितलं, वर्षाला ऑइल बदलायचं आणि आठवड्याला एकदा गाडी हायवेवर चांगली अर्धा-पाऊण तास पळवायची. आता दर रविवारी ते वाईला जाऊन येतात. परवा सर्व्हिसिंगला काकूही आल्या होत्या. म्हणाल्या, "ऑइलचं निमित्त आहे हो. ढोल्या गणपतीपुढे मित्रांबरोबर बसतात दोन तास." गुरुजी तेवढ्यात डिपस्टिक उपसून उन्हात धरून बघत होते.