साळिंदराचे काटे

वाघाच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत? रात्री दिव्याची वात बारीक करून आजीने गोष्ट सुरू करावी, आम्ही मुलांनी एकमेकांना खेटून बसावे आणि घाबरत घाबरत ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे! भीतीतही अशी एक गोडी असते.

आमचे बालपण नांदेडला, गोदावरीच्या काठी गेले. गावाभोवती ज्वारी-कापसाची उघडी शिवारे. तेथे वाघ कोठून येणार? परंतु याच जिल्ह्यात किनवटच्या बाजूला सागाचे दाट रान आहे. तिकडून आलेले पाहुणे वाघाच्या हकिकती रंगवून सांगत. त्यांतला वाघ जन्मतःच दुष्ट असे. माणूस दिसला की झडप घालायची, एवढेच त्याला ठाऊक!

पुढे जिम कॉर्बेट या शिकाऱ्याच्या कथा वाचनात आल्या. हिमालयातील कुमाऊँ भागातील नरभक्षक वाघांवरचे त्यांचे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती, हे वाचून अंगावर शहारे आले. १९०७ साली कॉर्बेट यांनी तिला मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. कोणाच्या तरी गोळीने ते मोडले होते. त्यामुळे तिला रानातली नेहमीची शिकार साधेना.

मुक्तेश्वरच्या वाघिणीची कथा तर अधिकच करुण आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या उजव्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले. दाट गवतात पडून ती जखमा चाटीत होती. एक बाई गुरांसाठी गवत कापीत कापीत तेथे आली. आधी वाघीण स्वस्थ राहिली; पण बाई अगदी जवळ येताच तिने एकच तडाखा दिला. बिचारी बाई जागच्या जागी गतप्राण झाली.

ही कथा वाचून माझी भीती ओसरली नाही. त्या बाईसाठी जीव हळहळला. परंतु वाघिणीचा तिरस्कारही करवेना. ‘पुढे काय झाले?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘असे का झाले?’ हा प्रश्न मनात उभा राहिला.

बालमित्रांनो, भीतिदायक कथा अवश्य वाचा, मनसोक्त घाबरा. मात्र वाघाला दुष्ट ठरविण्यापूर्वी त्याच्या पायात काटा तर रुतलेला नाही ना, एवढे पाहायला विसरू नका.