उंच खिडक्यांची शाळा

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात शाळा शोधायची तर आधी चर्चचा मनोरा शोधावा. बहुतेक वेळा शाळा तिथेच जवळपास सापडते. उतरतं छप्पर, टोकदार कमानींच्या खिडक्या, माथ्यावर टांगलेली एकच घंटा. परक्या माणसाला ती चर्चचं धाकटं भावंडच वाटावी. नातं खरंही आहे. १८११ साली अँग्लिकन चर्चच्या लोकांनी ‘नॅशनल सोसायटी’ स्थापन केली आणि पुढे खेडोपाडी शाळा उभ्या राहिल्या. यॉर्कशायरमधल्या बाल्डर्सबी सेंट जेम्स या खेड्यात तर विल्यम बटरफील्ड या वास्तुकाराने १८५० च्या दशकात चर्च, पाद्र्याचं घर, शाळा, मास्तरांचं बिऱ्हाड आणि मजुरांची घरं असं सारं एकाच हाताने रेखाटलं. पैसा होता जमीनदार व्हायकाउंट डाउन यांचा. (मुंबईकरांना बटरफील्ड अगदीच परका नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही त्याचं काम आहे.)

अशा शाळेला बहुधा दोन दारं असत, एक मुलग्यांचं आणि एक मुलींचं. दगडात तसं कोरलेलंही असे. आत मात्र एकच लांबट, उंच खोली. वर छताचे लाकडी वासे उघडे, कोपऱ्यात शेगडी. शेगडीजवळची पोरं भाजून निघत, लांबची कुडकुडत, आणि ओल्या लोकरीच्या कपड्यांचा वास खोलीभर. खिडक्यांची चौकट पोरांच्या डोक्याच्याही वर. उजेड आत यावा, रस्ता येऊ नये, एवढीच त्यामागची दृष्टी. बाहेर पीक उभं आहे, पाखरं हाकायला घरचे बोलावताहेत, हे दिसलं तर मन बाकावर थाऱ्यावर राहील कसं?

ती लांबच लांब खोली आली कुठून, याचं उत्तर मात्र मला फार आवडतं. मद्रासला १७८९ पासून लष्करी अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने तिथल्या एका गावठी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत धूळपाटी होती, त्याच जातीची ही गोष्ट. मोठ्या पोराने लहान पोराला शिकवायचं, अशी पद्धत बेलने बसवली, १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापलं आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडभर पसरली. एका मास्तराने शेकडो पोरं सांभाळायची तर भिंती नकोतच. पुढे पद्धत मागे पडली, वर्गांमध्ये पडदे आले, पण मोठ्या खोलीची सवय टिकली. गॉथिक कमानीखाली मद्रासची वाळू आहे, हे त्या कमानी पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावं.

बाहेरून इतकी भाविक दिसणारी ही वास्तू आतून हिशेबी होती. सरकारी अनुदान हवं तर प्रत्येक मुलामागे ८० घनफूट जागा दाखवावी लागे. १८६२ च्या नियमांनी तर अनुदान परीक्षेवरच बांधलं: मूल वाचन, लेखन, गणितात उतरलं तर पैसे, नाही तर कपात. हजेरीही पैशात मोजली जाई. सुगीत पोरं शेतावर गेली की मास्तरांच्या पोटात गोळा. शाळेच्या नोंदवहीत रोजचं लिहिणंही याच नियमांनी लावून दिलं. आज त्या वह्यांत गावाचा इतिहास सापडतो, पण लिहिणाऱ्याला बहुधा निरीक्षकाचीच धास्ती असे.

जमिनीचंही तसंच. १८४१ च्या कायद्याने जमीनदाराला शाळेसाठी एक एकरपर्यंत जागा देता येई. शाळा बंद पडली की ती मूळ मालमत्तेत परत जाई. दान खरं, पण सातबाऱ्यावरचा हात न काढता दिलेलं. विसाव्या शतकात खेड्यांतल्या शाळा एकेक करून मिटू लागल्या, तेव्हा वारस शोधायचे कुठे? कित्येकांना आपण वारस आहोत याचाच पत्ता नव्हता. अखेर १९८७ साली नवा कायदा झाला आणि विश्वस्तांना वारसांच्या वतीने जागा सांभाळण्याची, विकण्याची सोय मिळाली. आता अशी एखादी शाळा घर म्हणून विकायला निघते, तेव्हा जाहिरातीत घंटेचा आणि उंच खिडक्यांचा तोरा असतो. वकील मात्र आधी दानपत्र मागतो.